समोशावरची संमती

वसंतराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच जुन्या टेबलावर बसलो होतो. शोकसभेत सहा मिनिटं बोललो. त्यांच्यामुळे घडलो, असंही म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या ऑफिसात शोकसभेला हरकती मागवत नाहीत.

छत्तीसगढच्या नव्या राजधानीसाठी जमिनी घेणं चालू होतं, तेव्हा गावांतल्या सुनावण्या त्यांच्याकडे असत. शहरातल्या गुढियारी वस्तीत राहणारा, मूळचा अमरावतीकडचा साधा बाबू. ठराव लिहिला की पूर्ण वाचायचे, मग छत्तीसगढीत समजावायचे. कोणी हरकत घेतली की कागद बाजूला ठेवून नवा लिहायचे. एकेका गावाला तीन-तीन फेऱ्या… साहेबांना घाई होती. त्यांनी एक गाव मला दिलं.

मी ते एका दुपारात उरकलं. शामियाना, हार, भाषण आणि समोशाच्या पाकिटांसाठी रांग. पाकीट हवं तर रजिस्टरात सही किंवा अंगठा. मग त्याच पानांना मी ठराव जोडला : चराईची जमीन द्यायला गावाची संमती आहे. साहेब खूश झाले. म्हणाले, याला म्हणतात लोकसहभाग.

आठवड्याभरात त्या गावची एक म्हातारी ऑफिसात आली.

"हमन तो नाश्ता बर अंगूठा लगाए रहेन, बाबू. अब गाय मन कहां चरही?"

अंगठा तर नाश्त्यासाठी दिला होता, गाई आता चरणार कुठे… मी फायलीत डोकं घातलं. वसंतरावांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्याकडे वळले.

"काहून रे पोट्ट्या, वाचून दाखवलं होतं का त्यायले?"

"हो."

"पूर्ण?"

"हो म्हटलं ना."

त्यांनी तिची हरकत लिहिली, तिला वाचून दाखवली, वर पाठवली. वर माझं 'हो' ग्राह्य धरलं गेलं. त्या चराईवर आज सहापदरी रस्ता आहे. दिवे भरपूर, गाड्या तुरळक. वसंतरावांनी तो विषय पुन्हा काढला नाही. रोज डब्यातली भाजी मात्र माझ्यापुढे सरकवत राहिले. खरं सांगायला मला पुढची कित्येक वर्षं मिळाली होती.

मागच्या आठवड्यात पेन्शनचे कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी पेन उघडलं.

"कुठं करू सही, भाऊजी?"

"थांबा, आधी वाचून दाखवतो."

"राहू द्या. हे तर मले वाचल्याशिवाय कशावरच सही करू देत नव्हते. पण तुम्ही काय परके आहे का?"

मी पहिली ओळ वाचेपर्यंत त्यांनी तिन्ही कागदांवर सह्या केल्या होत्या.