विमलच्या दुकानापुढचं थांबणं

नाना गेले तेव्हा मी उशाशीच होते. हृदयानं दगा दिला, असं डॉक्टर म्हणाले. खरा दगा मला पंधरवड्यानं कळला... साड्यांना फॉल लावणारी विमल भेटायला आली तेव्हा.

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान. बाजाराला निघालेले नाना, माझे यजमान, नेमके तिथेच थांबत आणि मी गच्चीवरून डोळे फाडून बघे. पन्नाशी उलटलेली बाई मी, पण संशय असा की नव्या नवरीनं शिकून घ्यावा! साड्याही मुद्दाम दुसरीकडे टाकल्या. पुढे तपासणीत कळलं, नानांच्या पायाची शीर बुजत होती. दुकानापर्यंत चाललं की पोटरीत गोळा येई, थांबलं की उतरे. मी विमलची माफी मागितली, मनातल्या मनात. मोठ्यानं मागण्याइतकी थोर नव्हते.

मुंबईला आधी शिरेत फुगा फुगवून वाट मोकळी केली. दिवाळी येईतो ती पुन्हा बुजली. मग डॉक्टर म्हणाले, "आता जाळी निघालीय. आत बसवली की शीर उघडी धरून ठेवते. पण बिडी सुटली पाहिजे." नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून बिडी सोडली. डोकं माझं, म्हणून मी निर्धास्त! "ह्यांच्या पायात नवी जाळी आहे," असं गल्लीभर मिरवले, जसा काही तोडाच घडवलाय.

नाना खरंच विमलच्या दुकानावरून तडक पुढे जाऊ लागले. काही महिन्यांनी पुन्हा थांबायला लागले. विचारलं तर म्हणाले, "बठ्ठं बेस शे, सगळं ठीक! माणसांशी दोन शब्द बोलू नको का?" मला पटलं.

"जाळी परत बुजली ना अक्का," नाना गेल्यावर भेटायला आलेली विमल म्हणाली, मला ठाऊकच असेल असं धरून. "माझ्याकडे बसून पोटरी चोळायचे, बिडी ओढायचे. म्हणायचे, तिला सांगू नको, ती जाळीवर फार खूश आहे."

आणि माझं डोकं? शाबूत!

लफडं असतं तर परवडलं असतं... भांडता तरी आलं असतं. हे दुखणं माझ्या हक्काचं होतं. ते दुसरीच्या दारात ठेवून आले.

आता दुपारी मीच तिच्याकडे जाते. "आणखी काय म्हणायचे?" विचारते. मशीन चालवता चालवता आठवेल तेवढं ती सांगते. माझाच नवरा मी तिच्याकडून सुट्टा सुट्टा मागून आणते. एखाद्या दिवशी तिला काहीच आठवत नाही. मग ती चहा टाकते, नाना बसायचे ते स्टूल पुढे सरकवते. "बसा ना अक्का."

मी उभ्यानंच चहा पिते.