गोळ्यातलं एक नाणं

आमचे साडू कवळ्या बनवतात. जबड्याचा साचा घ्यायचा, प्लास्टर ओतायचं, दात घासून बेताचे करायचे, यातच त्यांचा जन्म गेला. उरलेला जीव रोमन नाण्यांत. दोन हजार वर्षांपूर्वीची चांदी, नखाएवढी. माझी थोरली मेव्हणी, म्हणजे ताई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "लोकांच्या तोंडचं कमावलं आणि मेलेल्या राजांच्या तोंडावर घातलं!"

नाणं घेताना साडूंचा पहिला प्रश्न असतो, हे आलं कुठून? मातीतून निघाल्यापासून ते कोणाकोणाच्या हातून गेलं, हे कळेपर्यंत त्यांना चैन नसतं. त्यांच्या सर्वांत लाडक्या नाण्याचं मात्र काही केल्या कळेना. विकणारा 'जुन्या घराण्यातलं' एवढंच म्हणाला होता. नाण्याच्या पाठीवर हिरवट थर होता आणि त्या थरात चंद्रकोरीसारखी खाच. ताई पावडर घेऊन घासायला टपलेली. साडूंनी हात लावू दिला नाही.

मग एका संग्रहालयाच्या पुस्तिकेत त्यांना फोटो दिसला. मडक्यात पुरलेली नाणी गंजून एकमेकांना चिकटली होती, आणि त्या गोळ्यातलं एक कोणीतरी उचकटून पळवलेलं. साडूंचा चेहरा उतरला.

"हे तेच निघालं, तर परत द्यावं लागेल."

"मग जाऊच नका की!" ताई म्हणाली.

"आणि रोज कुठल्या तोंडानं बघू त्याच्याकडे?"

मी सोबत गेलो. संग्रहालयातल्या बाईंनी गोळा मऊ कापडावर ठेवला. खऱ्या नाण्याला धक्का नको म्हणून साडूंनी त्याची प्लास्टरची प्रतिकृती आणली होती. ती गोळ्यातल्या रिकाम्या जागेत बसेना.

"नाही बसत," साडू म्हणाले. आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही.

"जरा फिरवून बघा ना," बाई म्हणाल्या.

त्यांनी फिरवली. बसली. मग खरं नाणं लावलं. शेजारच्या नाण्याची कड अलगद त्या खाचेत शिरली. केसभरही फट उरली नाही. कुणीतरी कधी काळी मडकं पुरलं, ते न्यायला परत आलाच नाही. तेव्हापासून ही दोघं अंधारात एकमेकांना टेकून होती. राज्यं बुडाली, भाषा बदलल्या, पण जागा तशीच राहिली. माझ्या अंगावर काटा आला.

बाई म्हणाल्या, "कागदपत्रं होईपर्यंत तुमच्याकडेच ठेवा हवं तर. काढून घ्या."

साडूंनी दोन्ही हात मागे घेतले. "मी नाही काढणार आता. कुठे सही करू तेवढं सांगा."