पेनल्टी का दिली नाही

सोनईच्या स्टँडवर अण्णांनी, माझ्या वडिलांनी, माझी बॅग एसटीत चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "पुण्यात कुनाला घाबरून ऱ्हाऊ नको." मी बावीस वर्षांची होते. गुडघा दुखावल्यानं फुटबॉल सुटला होता आणि चाकणच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. मी गाव सोडतेय म्हणून रुसलेली आई स्टँडवर आलीच नाही.

पहिलं वर्ष शिफ्ट, रूम आणि मेसच्या डब्यात गेलं. मग रविवारी मॅच बघायला जाऊ लागले आणि पुढं रेफ्रीचा कोर्स केला. खेळाचे नियम मी तिथं पहिल्यांदा पुस्तकात वाचले. शाळेत फुटबॉलच्या सरांनी आम्हाला जीव तोडून पळायला शिकवलं होतं. नियम मात्र कोण किती ओरडतंय त्यावरून ठरायचे.

सोनईकरांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण त्या दिवशी नगरच्या मैदानावर होतात, म्हणून हे लिहितेय. मुलींची फायनल होती, एका बाजूला आपली शाळा. ठरलेला रेफ्री आजारी पडला आणि मॅच बघायला आलेल्या माझ्याकडं शिट्टी आली. मी याच शाळेची, हे मी आधीच सांगून टाकलं. समोरच्या कोच मॅडम म्हणाल्या, "आमची हरकत नाही."

शेवटची दोन मिनिटं राहिली होती. आपण एका गोलनं मागे. आपली रेश्मा बॉलमागं धावत पेनल्टी एरियात घुसली आणि त्यांची डिफेंडर बॉलकडं न बघता तिच्या वाटेत आडवी झाली. बॉल जवळ असता तर तो अंगाआड राखायचा तिला हक्क होता. पण बॉल चार पावलं पुढं होता. ती नुसती वाट अडवत होती. धडक चुकवायला रेश्मा वळली आणि पडली. मी शिट्टी मारली.

"पेनल्टी! पेनल्टी!" अख्खं मैदान उठलं.

अंग लागलं का, एवढंच ठरवायचं होतं. लागलं असतं तर पेनल्टीच. पण मी जवळ होते, दोघींच्या मधली मोकळी जागा मी बघितली होती. नुसतं अडवलं तर इनडायरेक्ट फ्री किक. तिच्यात बॉल आणखी कुणाला तरी लागून गेला तरच गोल धरतात. तीच खूण म्हणून मी हात सरळ वर धरला.

सर लाइनवरून ओरडले, "सुनीता, आपली पोरगी पडलीय गं!"

मी हात खाली घेतला नाही. "इनडायरेक्ट आहे," मी मोठ्यानं सांगितलं, पण त्या गोंगाटात रेश्माला ऐकू गेलं नसावं. तिनं बॉल सरळ जाळीत मारला. वाटेत कुणालाच लागला नाही. पोरी नाचत एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मी गोल नाही म्हणून सांगितलं. रेश्मा माझ्याकडं बघत राहिली. तिच्या वयात मीही तो सरळच मारला असता.

मॅच संपली. "पुण्याचं पानी लागलं हिला!" कुणीतरी ओरडलं. सरांनी पाठ फिरवली. सोनईची माणसं पिकअपमध्ये बसत होती आणि मी बॅग घेऊन बाजूला उभी होते. पुण्याची गाडी धरावी, असं मनात आलं. तेवढ्यात आतून, मॅचला आलेल्या अण्णांचा चिडका आवाज आला, "सरका जरा. पोरीला बसू द्या."

गाडी घोडेगावच्या फाट्याशी आली. तिथं रेश्मानं मान वर केली. "ताई, तुमी हात वर का धरला हुता?"

मी सगळं समजावून सांगितलं. सर समोरच बसले होते. ऐकून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "हे मला म्हाईत न्हवतं."

चाकणच्या रूमला मी आता घर म्हणते, भाडं नियमित भरते. पण तिथं माझ्यावर चिडलेलं माणूस सरकून मला जागा देत नाही.