वर गेला

सकाळचे सव्वासात. गोऱ्या साहेबांनी उन्हाळ्यापुरतं राहायला बांधलेल्या डोंगरावरच्या या बंगल्याचं आता हॉटेल झालं आहे. मागच्या खोलीत भिंतीतल्या बुजवलेल्या शेकोटीपाशी इस्त्रीवाली तिसरी चादर टेबलावर पसरते आहे. काठ आधी, मधला भाग नंतर.

ती खालच्या गावातली. तिथल्या शेतीवर पोट भरत नाही, म्हणून माणसं डोंगरावरच्या या शहरात कामाला येतात. त्याला गावात ‘वर जाणं’ म्हणत. गावाचा जुना विनोद होता : वर गेलेला माणूस संध्याकाळी जेवायला परत येतो, तो फक्त आमच्याकडे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या सुट्टीच्या दिवशी धाकटा दीर धावत दारात आला.

“वहिनी, दादा वर गेला.”

“मग? रोजच जातात की. बरं झालं आलात भावजी. डबा विसरलेत, तेवढा पोचवा.”

तिने डबा त्याच्या हातात दिला. तो घेऊन दीर अंगणात उभा राहिला. तेच वाक्य त्याला दुसऱ्यांदा बोलता येईना. तिचा नवरा याच हॉटेलात माळी होता. वर येताना पायवाटेवर दरड त्याच्या अंगावर आली होती.

तेव्हापासून गावात ‘कामाला गेला’ म्हणतात. शब्द बदलला नाही तो हिने एकटीने. नवऱ्याचं कुणी विचारलं तर म्हणते, “वर गेलेत.” ऐकणाऱ्याने हवा तो अर्थ घ्यावा.

आता मुलीला याच हॉटेलात, पुढच्या काउंटरवर, नोकरी मिळते आहे. आठवडाभर आईने हो म्हटलेलं नाही. मॅनेजरला उत्तर आज हवं आहे.

“तुझी पोरगी माझ्या हातचा चहा कधी पिणार गं?” स्वयंपाकी दारातून विचारतो.

“तुझा चहा पिऊन पळून जाईल ती.”

फोन वाजतो. मुलगीच असते. “आई, शेवटचं विचारते. येऊ की नको?”

ती इस्त्री उभी करून ठेवते. चादरीची घडी घालते. मग म्हणते, “उद्यापासून ये. पण बसनेच. पायवाटेला पाय लावायचा नाही.”

“बरं.”

“आणि निघताना काकांना सांग.”

“काय सांगू?”

“कामाला जाते म्हण.”

फोन ठेवून ती चौथी चादर घेते.

दरडीनंतर पायवाट बंद आहे. खालून पहिली बस उद्याही पावणेसहालाच सुटेल.