पाठमोऱ्या बाईची खोली

भूत-बित मी मानत नाही. माझा संशय कायम माणसांवरच. बायको म्हणते, तुम्ही देवाचा प्रसादसुद्धा हुंगून खाता... असो.

जोयडा तालुक्यात, अणशीच्या अलीकडे आमचा छोटा होमस्टे आहे. चार खोल्या फरशीच्या, एक मातीची – शहरातल्या पाहुण्यांना हौस म्हणून शेणानं सारवलेली. तिथं बायकोनं युरोपातल्या एका जुन्या चित्राची प्रिंट लावलीय. रिकामी खोली, डावीकडून उजेड, आणि एकटीच पाठमोरी बाई. मला ते चित्र पहिल्यापासून आवडलं नाही. बाई करतेय काय, तेच कळत नाही.

सारवायचं काम शेवंतीअक्काचं. अकरा वर्षं ती आमच्याकडे.

गेल्या हिवाळ्यात पाहुणे गेल्यावर मी त्या खोलीला कुलूप लावलं. दोन दिवसांनी सकाळी उघडलं तर जमीन ओली – ताजी सारवलेली! किल्ली माझ्याच खिशात. मी मनाशी ठरवूनच टाकलं, अक्कानं दुसरी किल्ली करून घेतलीय. इथं कुणाला तरी आणते आणि मग खुणा पुसते. तिला विचारलंसुद्धा नाही. गुपचूप नवं कुलूप आणलं, आणि स्वयंपाकघरात चार जणांसमोर म्हटलं, आता बघतो कोण शिरतंय ते. अक्का मान खाली घालून भाकऱ्या थापत राहिली.

आठवड्यानं परत तेच! माझं डोकंच फिरलं. अक्काला हाक मारून ओली जमीन दाखवली.

ती उंबऱ्यावरच थांबली. वाकून जमीन न्याहाळत म्हणाली, "आण्णा, सारवताना आम्ही मागं मागं सरत दाराकडं येतो. न्हाईतर भाईर कसं पडायचं? ह्ये दारातनं सुरू झालंय... आणि भिंतीकडं गेलंय."

खरंच. बोटांचे अर्धगोल एकावर एक चढत उंबऱ्यापासून निघाले होते आणि चित्राखालच्या भिंतीला टेकले होते. पाऊल एकही उमटलेलं नाही. खिडकीला गज. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

त्या दिवसापासून अक्का कामाला आली नाही. मी दोनदा तिच्या घरी जाऊन माफी मागितली. म्हटलं, सगळ्या किल्ल्या तूच ठेव. तिनं चहा दिला, बसायला पाट दिला. ती जमीन कुणी सारवली, हे मला आजही सांगता येत नाही. तिलाही विचारून बघितलं.

"त्ये मला न्हाई ठाऊक," ती म्हणाली. "पर कुलूप बदलायच्या आधी तुमी मला एकदा इचारायचं व्हतं."