दहा मिनिटांचं ऊन

धुळ्याच्या आमच्या कचेरीत टपाल बघणारे नाना रोज अकराला मागच्या पायरीवर बसत. हातावरच्या कोडाला बावचीचं तेल लावायचं, हात उन्हात धरायचे आणि घड्याळ बघायचं. वैद्यांनी दहाच मिनिटं सांगितली होती. हे तेल सावलीत गरीब असतं, ऊन लागलं की जागं होऊन कातडी जाळतं, असं नानाच मला समजावत. अकरावं मिनिट त्यांनी कधी होऊ दिलं नाही.

त्यांच्या मुलीला बघायला बोदवडचे पाहुणे यायचे होते. आधीची दोन स्थळं नानांचे हात बघून परतली होती. पाहुण्यांच्या तीन दिवस आधी नाना तासभर पायरीवरून उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी हात फोडांनी भरले.

"घड्याळ बंद पडलं होतं का, नाना?" पट्टी बांधताना मी विचारलं.

"चालू होतं." मग हळूच म्हणाले, "जळेल हातले कोणी नाव ठेवत नही, भाऊ."

पाहुणे भाजलेल्या हातांची विचारपूस करून, चहा घेऊन गेले, पुढे काही कळवलं नाही. महिन्याने पट्ट्या सुटल्या, तेव्हा नवी कातडी मनगटापर्यंत पांढरी निघाली. नाना पुन्हा पायरीवर गेले नाहीत. अकरा वाजले की घड्याळाकडे मात्र बघत.