फिलोमिनाबाईंच्या ओट्यावरचे अर्थ

रविवारी फिलोमिनाबाई चर्चमधून परतल्या, की तिसगावचे लोक अडलेल्या शब्दांचे अर्थ विचारायला त्यांच्या ओट्यावर जमत. फेरफार, जामीनदार, ॲनिमिया, काहीही. या निवृत्त शिक्षिका व्याख्या सांगत आणि दोनदा म्हणवूनही घेत. सून एंजल आली आणि लोक तिलाच विचारू लागले. कालची पोर! बाई आत लसूण सोलत जळफळत.

आज भिमाबाई दवाखान्याचा रिपोर्ट घेऊन आली. “एंजल, बिनाईन म्हंजी काय गं?”

“गाठ साधी आहे, मावशी. कॅन्सर नाही.”

भिमाबाई तिच्या गळ्यात पडून रडली.

बाई तरातरा बाहेर आल्या. “असा अर्धवट अर्थ सांगतात? म्हण माझ्यामागे...”

“ऱ्हाऊ द्या, बाई,” भिमाबाई डोळे पुसत म्हणाली. “मला कळलं.”